ब्रिजखालची वायर

३ फेब्रुवारी

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. आम्ही दोघं मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. पुढचं वाचून काय ते तूच ठरव. हे पत्र तुझ्या बोटीला कुठल्या बंदरात गाठेल देव जाणे. फोनवर बोलता आलं असतं, पण आपलं घर केवढं ते तुला माहीत आहे. बाबांचं बाकी काहीही होवो, कान अजून तसेच तिखट. स्वयंपाकघरात कुजबुजलं तरी बाहेरून विचारतात, "कोणाबद्दल चाललंय?"

तर बातमी अशी, की घरात बेस गिटार आली आहे. हसू नकोस. तू कॉलेजच्या बँडमध्ये उसनी आणून वाजवायचास, तशीच चार तारांची, तेवढीच लांबलचक. बाबांना डॉक्टरांकडून परत आणत होते. वाटेत जुन्या सामानाचं दुकान लागतं, तिथे ती एका मोडक्या पंख्याला टेकवून ठेवली होती. बाबा थांबले. तिला उचललं, पाठीवर बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावला आणि दुकानदारावरच उखडले, "अशी ठेवतात का? मान वाकेल तिची!" मग काही केल्या तिथून हलेनात. डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं, त्यांच्या हातांना काम द्या. म्हटलं, हे काम आपल्या पायांनी समोर आलंय. घेतली.

दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, एकसंध महोगनी आहे. घरी आल्यावर बाबांनी मागचं झाकण उघडलं. आत जिथे रंग पोचत नाही तिथे ओलं फडकं फिरवलं आणि मला बोलावून दाखवलं: तीन फळ्या एकमेकींना चिकटवलेल्या, फिकट, हलक्या लाकडाच्या. मी दुकानदाराच्या नावाने सुरू होणार, तेवढ्यात म्हणाले, "महोगनी नाही, पण वाईटही नाही. वजनाला कमी. उभं राहून वाजवणाऱ्याचा खांदा दुवा देईल."

मान मेपलची आहे. तिच्यावर जी पट्टी असते, जिच्यावर बोटं दाबतात, ती शिसवीची. आणि मानेच्या पोटात लोखंडी सळई असते, हे तुला ठाऊक होतं का? तारा तिला एका बाजूला ओढतात, म्हणून सळई दुसऱ्या बाजूला ओढते. दोघींचं सारखं जमलं की मान सरळ राहते. बाबांनी हे सांगताना माझं मनगट धरून वाकवून दाखवलं.

पिकअप म्हणजे चुंबक, आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर तार थरथरली की या वेढ्यांत वीज उठते. मी विचारलं, "मग सगळं काम पिकअपचंच, लाकूड कशाला हवं?" इतके खूश झाले म्हणून सांगू! म्हणाले, "चांगला प्रश्न विचारलात. तार किती वेळ थरथरत राहणार, ते लाकडाच्या हातात असतं, बाई."

हो, मला सध्या ते बाई म्हणतात. गंमत करतात. तू काळजी करू नकोस.

तुझी,
फ्यूज

२१ मार्च

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. नमस्कार-चमत्कार पुढे करू, तू नमनालाच विचारलंस की "बाई" ही काय भानगड आहे. तुझ्यापासून काही लपवायचं म्हणजे इंजिनरूममधल्या माणसापासून धूर लपवणं. गंमत नाहीये ती.

बाहेरच्या खोलीत त्यांचं जुनं टेबल आहे ना, रेडिओ-दुरुस्तीचं दुकान बंद केल्यावर आणलेलं? बाबांच्या लेखी ती खोली म्हणजे दुकान आहे, आणि मी दुरुस्तीला बेस घेऊन आलेलं गिऱ्हाईक. पहिल्यांदा झालं ते सकाळी. मी चहा घेऊन गेले, तर म्हणाले, "आत्ताच उघडतोय, बाई. बसा." मी माझ्या स्वभावाला जागले. ओरडले, "बाबा, मी आहे, मी!" त्यांनी खुर्ची मागे सरकवली. दादा, बाबा मला घाबरले. ज्या माणसाने माझं नाव फ्यूज ठेवलं, मी उडाले की जो मिश्यांत हसायचा, त्याने अंगावर कोणी येतंय म्हणून हात वर केला. तेव्हापासून मी ओरडत नाही. तुला वाटतं तेवढं हे सोपं नाही. माझ्यासारखीने न ओरडणं म्हणजे काय, ते शेजारच्या काकूंना विचार. मी माझ्या चष्म्याच्या दुकानात असते तेव्हा त्या बाबांपाशी बसतात.

रिकाम्या हाताने त्यांच्यासमोर गेले, तर विचारतात, "आपलं काय काम?" आणि मी जाईपर्यंत अस्वस्थ असतात. बेस घेऊन गेले की उठून जागा देतात. मग तास तास बोलतात, पूर्वी आपल्याशी बोलायचे त्याहून जास्त. व्हॉल्यूमच्या पॉटमध्ये, म्हणजे फिरवायच्या बटणाखाली, धूळ बसली की आवाज कसा खरखरतो, टोनच्या पॉटला जोडलेला चिमुकला कपॅसिटर वरचे सूर कसे गिळून टाकतो, सगळं सांगतात. मीही विचारत राहते. चष्म्याच्या काचा घासणाऱ्या बाईला आज बेस गिटारचं सगळं वायरिंग पाठ आहे. माझ्या गिऱ्हाइकांना कळलं, तर चष्मे सोडून रेडिओ घेऊन येतील.

घोळ असा झाला, की त्यांनी ती दुरुस्त केली. अगदी ठणठणीत. माझ्या हातात देऊन म्हणाले, "घेऊन जा, आता वर्षभर बघावं लागणार नाही." मी आतल्या खोलीत येऊन पलंगावर बसले, मांडीवर ती एवढी मोठी गिटार, आणि मला उद्या त्यांच्याकडे जायला काही कारण उरलं नाही.

म्हणून मी ती बिघडवली. ते आंघोळीला गेल्यावर झाकण उघडलं आणि जिथे केबल खुपसतात त्या जॅकची वायर सोडवली. लिही आता, "फ्यूजने शेवटी वायर तोडलीच." दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन गेले, "हो, कालच दिली होतीत, पण अगदीच मुकी झाली." त्यांनी टेस्टर लावला, दोष धरला, वायर सोल्डर केली, तार छेडली. जुन्या अॅम्प्लिफायरमधून असा आवाज निघाला की फळीवरचे डबे वाजले. "बघा!" म्हणाले. त्या दिवशी ताटातलं सगळं संपवलं.

तेव्हापासून हेच चाललंय. मी मोडते, ते जोडतात. दोष फार सोपा असला तर त्यांना मजा येत नाही, अवघड असला तर कपाळाला आठ्या पडतात, म्हणून मीही बेतानेच मोडते. परवा त्यांनी एक नवी गोष्ट दाखवली. बेस नुसती जोडून ठेवली की अॅम्प्लिफायर हळू गुणगुणत असतो. तारांवर हात ठेवला की ती गुणगुण थांबते. का, तर तारा ज्या पत्र्याच्या ब्रिजला अडकवतात, त्याच्याखालून एक वायर आत अर्थिंगला गेलेली असते. "आपणसुद्धा तिच्या सर्किटमध्ये येतो, बाई. माणसाचा हात लागला की ती शांत होते." माझा हात धरून तारांवर ठेवला. खरंच थांबली.

तू बाबांना ठेवायला त्या संस्थेचं लिहिलंस. माहितीपत्रक चांगलं आहे, खोल्या हवेशीर आहेत, माणसं प्रेमळ असतील. पण तिथे रोज गिटार मोडायला कोण येईल? आणि आता एक खरं सांगते, मलाही झेपत नाहीये. हे तुला सांगितलं म्हणून लगेच संस्थेला कळवू नकोस. नुसतं वाच.

तुझी,
फ्यूज

९ मे

प्रिय दादा,

नमस्कार. आज खुशाली विचारत नाही आणि सांगतही नाही.

मी ब्रिजखालची वायर काढली होती. मला वाटलं, सोपं आहे, त्यांनीच तर शिकवलंय. दुकानातून आले आणि तक्रार घेऊन त्यांच्यासमोर बसले, "हात लावला तरी गुणगुण थांबत नाही हो." त्यांनी तारांवर हात ठेवला. गुणगुण चालूच. उचलला, पुन्हा ठेवला. पॉट फिरवून पाहिले, केबल बदलली. मग मागचं झाकण उघडलं आणि आत बघत राहिले. सुटलेली वायर त्यांच्या डोळ्यांसमोर होती, दादा. काळी, टोकाला चकाकणारी. लहान पोरालाही दिसली असती.

"एवढ्या वायरी कोणी भरल्या यात?" म्हणाले.

माझं बोट शिवशिवत होतं. तरी गप्प बसले, म्हटलं सापडेल त्यांना. मग त्यांनी काहीतरी करायचं म्हणून सोल्डरिंग आयर्न उचललं आणि तापलेल्या बाजूने धरलं.

मी त्यांना ओढत नळाखाली नेलं. हात माझ्या हातात, वर पाणी, आणि बाबा मला एकसारखं म्हणत होते, "माफ करा, बाई. तुमचा वेळ घेतला. मला जमत नाहीये. तुम्ही दुसरीकडे न्या." आयुष्यात त्यांनी हे कोणा गिऱ्हाइकाला म्हटलेलं तू ऐकलंस? जळलेले रेडिओ, पाण्यात पडलेले टेप घेऊन लोक यायचे, तेव्हासुद्धा म्हणायचे, "ठेवून जा, बघतो." आणि मला, मीच मोडलेल्या वस्तूसाठी, माफ करा म्हणाले.

बोटांना मलम लावून त्यांना खुर्चीत बसवलं. गुणगुण तशीच चालू होती आणि ते तिच्याकडे भेदरल्यासारखे बघत होते. मग मीच वायर उचलली आणि जोडली. ते वाकून पाहत होते. "थोडं थांबा, तापू द्या आधी," म्हणाले. "हां, आता सोल्डर लावा." पोळलेला हात त्यांनी उचलून तारांवर ठेवला. खोली शांत झाली.

"छान जोडलंत," म्हणाले. "कुठे शिकलात?"

"वडिलांकडे."

"आहेत का ते?"

"आहेत."

"मग भेटायला जाता ना?"

"रोज जाते," मी म्हटलं.

"नशीबवान आहेत. माझी मुलगी नाही येत."

ते झाकणाचे स्क्रू एका हाताने गोळा करत सांगत होते. "मुलगा बोटीवर असतो, त्याचं समजू शकतो. ही मात्र इथेच आहे. चष्म्याच्या दुकानात. फ्यूज म्हणतो आम्ही तिला, फटकन उडते. मीच काहीतरी लागेल असं बोललो असेन. काय बोललो ते आठवत नाही." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुमचं त्या बाजूला जाणं होतं का? झालं तर एवढं सांगाल? म्हणावं, मी रागावलेलो नाही. एकदा येऊन जा."

मी म्हटलं, "सांगते."

दादा, मला रडायला येत नाहीये. मला राग येतोय आणि तो कोणावर काढू तेच कळत नाही. त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. मी आले होते, दादा. मी गेलेच नव्हते कुठे.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हे असंच उतरत जाणार, तुम्ही स्वतःला त्रास करून घेऊ नका. हे त्यांना म्हणता येतं. काकू म्हणतात, त्यांना सांगून टाक की मुलगी येऊन गेली. ते मी करणार नाही. त्यांनी मुलीला पाहिलंच नाही, तर आल्याचं खोटं कसं सांगू?

तू संस्थेचं पुन्हा विचारलंस तर आता नाही म्हणायला माझ्याकडे फारसं काही उरलेलं नाही. बेस भिंतीलगत ठेवली आहे, उभी नाही, आडवी, मान वाकू नये म्हणून. ब्रिजखालची वायर पक्की जोडली आहे आणि पुन्हा कुठलीच सोडवायचं धाडस होत नाही. उद्या सकाळी कोणती तक्रार घेऊन बाहेरच्या खोलीत जाऊ, ते मला माहीत नाही.

एकच मागते. तुझं काँट्रॅक्ट संपायला अवकाश आहे, मधेच सुटी मिळत नाही, सगळं ठाऊक आहे. तरी मिळव. मला फ्यूज म्हणून हाक मारणारी आई गेली. बाबा ते नाव माझ्यासमोर घेतात, पण मला मारत नाहीत ती हाक. उरलास तू. तू ये, त्या टेबलापाशी उभा राहा आणि त्यांच्या देखत मला हाक मार, पूर्वी जिन्यातून मारायचास तशी, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशी. त्यांचे कान चांगले आहेत. त्याने काही होईल असं डॉक्टर म्हणत नाहीत, मीही म्हणत नाही. तुलाही कदाचित ते गिऱ्हाईकच समजतील. पण एकदा त्यांना ऐकू दे की ती आली आहे.

तोवर त्यांचा निरोप माझ्याकडेच आहे.

तुझी,
फ्यूज