म्हशीच्या आंबोणातल्या गोळ्या

प्रिय आईस, संघरत्नाचा जयभीम.

मी बरी आहे, जेवणही वेळेवर होतं. सिद्धगडाच्या पायथ्याला फोन लागत नाही, म्हणून हे पत्र. धम्मपालदादाकडून वाचून घे.

इथल्या आरोग्य उपकेंद्रात सध्या हाडांच्या ठिसूळपणाची मोहीम चालू आहे. मी बायकांना नाचणी, तीळ, सकाळचं ऊन समजावते आणि कॅल्शियमच्या गोळ्या देते. त्या मान डोलावतात, गोळ्या पदराला बांधून नेतात.

काल चंद्राबाईला झोळी करून आणलं. गोठ्यात पाय सरकला आणि खुबा मोडला. मी विचारलं, "मावशी, गोळ्या घेत होतात ना?"

"म्हशीला घातल्या गो. ती आताच व्यालीय. तिचं दूध घरादाराला. माजी हाडं काय दूध देनार?"

सोबतच्या बायका हसल्या. तीही हसली, मग दुखण्यानं ओरडली. मला रागावता आलं नाही.

मागच्या सुट्टीत आपल्या म्हशीच्या आंबोणात, भिजवलेल्या पेंडीत, मला पांढरे तुकडे दिसले होते. मीच धाडलेल्या गोळ्या होत्या त्या. तुला काही बोलले नाही. तुझी पाठ किती वाकली आहे, तेही बोलले नाही.

गोठ्यात चिखल फार आहे का? पाण्याचा हंडा रेश्मा वहिनी आणते ना?

पत्रासोबत दोन पिशव्या पाठवते. मोठीत म्हशीची खनिज पावडर आहे, छोटीत तुझ्या गोळ्या. आधी तिला घाल. तिचं पोट भरलं, की तुझ्या तू घे. याहून दुसरं मला काही सुचत नाही.

तुझीच,
संघरत्ना