मी हाय की

आत्याबाई, तुम्हाला जाऊन चार वर्षं झाली आणि तुमची सून हे माझं नातं त्याआधीच कागदावर संपलं होतं, तरी दुसरी कुठली हाक सुचेना. लेकीचा ताबा तुमच्या मुलाकडून माझ्याकडे यावा म्हणून मी कोर्टात अर्ज करतेय. वकीलबाई म्हणाल्या, जुना आदेश बदलायचा तर परिस्थिती बदललीय हे दाखवावं लागतं, काय बदललं ते लिहून आणा. मी पहिलं वाक्य लिहिलं, मुलीची आजी आता हयात नाही. त्यापुढे पेन सरकेना.

तेव्हा जज्जसाहेबांनी विचारलं होतं, बाप दुकानात, आई दवाखान्यात रात्रपाळीला, मग सहा वर्षांच्या पोरीला बघणार कोण? तुम्ही बाकावरून उठलात, पदर सारखा केलात आणि म्हणालात, "मी हाय की." अख्खा निकाल त्या तीन शब्दांवर लागला. मंगळवार पेठेतल्या माझ्या खोलीपर्यंत मी तुमच्याशी भांडत चालत आले, एकटीच.

मग दर रविवारी ती माझ्याकडे. तुम्ही दारात उभ्या, पोरीला तेल लावून दोन घट्ट वेण्या घातलेल्या, हातात शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. "तिखट कमी घातलंय, तुला सोसत न्हाय." मी नुसती मान हलवायचे आणि कोपरा वळला की त्या वेण्या सोडून माझ्या हाताने पुन्हा घालायचे. पोर निमूट उभी राहायची.

आता तिचे केस कापलेत. दुकान बंद पडलं, तिचे वडील फाउंड्रीत पाळीवर जातात आणि गल्लीत पोर एकटी नको म्हणून तिला आत ठेवून बाहेरून कुलूप लावतात. ते वाईट बाप नाहीत, पण आत गॅस आहे आणि किल्ली त्यांच्या खिशात. मागच्या रविवारी तिच्या मनगटावर भाजल्याचा फोड दिसला.

"भूक लागलेली, दूध तापवत होते."

"कुणाला हाक नाही मारलीस?"

"मारली की. दार कोण उघडणार?"

मी दिवसपाळी मागून घेतलीय. तिला सोडून आले की एका माणसाचा भात किती लावायचा ते मला अजून जमत नाही.

घोडं अडलंय ते माझ्याच सहीपाशी. जुन्या खटल्यात मी शपथेवर लिहून दिलं होतं, आजीला नीट दिसत नाही, तिचं पोरीकडे लक्ष नसतं. आता लिहायचंय, आजी होती तोवर मुलगी सुरक्षित होती. वकीलबाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "समोरचा वकील विचारणार, तेव्हा खोटं बोललात तर आता कुलपाचं तरी खरं कशावरून? गैरसमज झाला होता म्हणा." गैरसमज कसला, आत्याबाई. माझ्या सुईत दोरा तुम्हीच ओवून द्यायच्या, एका फटक्यात. सोमवारी तारीख आहे. विचारलं तर मी खोटं बोलले होते, असंच सांगणार. त्यामुळे पोर मिळाली नाही तर दोष माझाच.

हे पत्र टाकायचं तर पत्ता तोच आहे. पण कुलूप लावलेल्या दाराच्या फटीतून ते आत सरकेल आणि उचलेल ती. ती आता भरभर वाचते. कोर्टात चारचौघांसमोर खोटारडी ठरायला मी तयार आहे. तिच्यासमोर ठरायचा धीर माझ्यात नाही.