फुलीबाईचा अंगठा आणि माझी सतरा कलमं

ती. स्व. भिलाआबा यांच्या सेवेशी, रनाळ्याहून धाकटे साडू झुलाल मास्तर यांचा सादर रामराम.

आबा, तुमचा गुडघा कसा आहे? शहाद्याकडे थंडी आमच्यापेक्षा जास्त, तेव्हा कानटोपी घालत असालच. भिकुबाईंचा खोकला गेला का? (गेला नसेल तर त्यांनी ताक बंद करावं, असं दगुबाईचं म्हणणं आहे. थोरल्या बहिणीला तोंडावर सांगायची तिची छाती नाही, म्हणून माझ्या पत्रात घुसवते आहे.) इकडे सगळं क्षेम. कापूस बरा आहे, म्हैस बरी आहे, आणि उजवा हात सोडला तर मीही बरा आहे. अक्षर कोंबडीने उकिरडा उकरल्यासारखं का दिसतंय, ते पुढे येईलच. फोन करता आला असता. पण फोनवर तुम्ही बोलायचं आणि मी ऐकायचं हा आपला जुना रिवाज, म्हणून गेले चार दिवस डाव्या हाताने हे पत्र लिहितो आहे.

तर झालं असं. निवृत्त झाल्यापासून मी घरात बसून सल्ले देतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. भाजीत मीठ किती, म्हशीला पेंड किती, सुनेने फोन किती वेळ बघावा. शेवटी दगुबाईने हात जोडले आणि म्हणाली, "तुम्ही कोठे तरी जा ना, जठे लोकेस्ले सल्ला लागस!" त्याच आठवड्यात माझा जुना विद्यार्थी डॉक्टर भाग्येश भेटला. (पाढ्यांत कच्चा होता, पण स्वभावाने सोनं.) तो नंदुरबारच्या एका दवाखान्यात तातडीच्या विभागात आहे. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण पुढे मी तिथेच पडलो आहे. तिथे येणाऱ्या रुग्णांना त्यांचे हक्क समजावून सांगायला त्यांना एक शिकलेला, निवांत माणूस हवा होता. म्हणजे कागदावर सही करण्याआधी काय विचारावं, बाईमाणसाच्या तपासणीला सोबत बाई हवी असं सांगता येतं, तातडीच्या वेळी उपचार थांबवता येत नाहीत, अशा गोष्टी. मला खुर्ची मिळाली, छातीवर लावायला बिल्ला मिळाला, आणि भिंतीवर सतरा हक्कांचा फलक होताच.

त्या फलकाची भाषा मला फार बाळबोध वाटली. "तुमच्यावर काय उपचार करतात ते विचारा" असं लिहिलं होतं. हे काय मराठी झालं? मी पदरचा रंग आणून ते "प्रस्तावित उपचारपद्धतीविषयी सविस्तर माहिती प्राप्त करण्याचा अधिकार" असं केलं. सतराही कलमं अशी सुधारली. भाग्येश बघून एवढंच म्हणाला, "सर, छान आहे, पण जरा लांब झालं." मी म्हटलं, ज्ञान लांबच असतं.

पहिल्या दिवशी मिरची बाजारातला एक हमाल आला. पोतं फुटून मिरचीची पूड त्याच्या डोळ्यांत गेली होती. मी त्याला फलकासमोर उभं केलं आणि छडीने एकेक ओळ दाखवू लागलो. चौथ्या कलमाला माझ्या लक्षात आलं की त्याचे दोन्ही डोळे मिटलेले आहेत. तेवढ्यात तोच ओरडला, "मन्हा डोया जयी ऱ्हायनात आनि तुम्ही काय पोथी वाची ऱ्हायनात! पानी टाका ना आधी!" ममता सिस्टर धावत आल्या आणि त्याला नळाखाली घेऊन गेल्या. जाताना त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, तसं आजवर फक्त आमच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तापीकाठच्या गावातले गोपालभाई आले. केळीच्या बागेत त्यांना विंचू चावला होता. या वेळी मी शहाण्यासारखं एकच कलम निवडलं, ते म्हणजे दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा अधिकार. गोपालभाईंना "मत" तेवढं समजलं. त्यांनी रांगेतल्या प्रत्येकाचं मत घ्यायला सुरुवात केली. एकाने चुना सांगितला, एकीने कांदा सांगितला, पाय मुरगळलेल्या एका गृहस्थांनी मंत्र येत असल्याचं सांगितलं, आणि दोन मतं आपसांत भांडू लागली. ममता सिस्टरांनी गोपालभाईंना दंडाला धरून आत नेलं आणि इंजेक्शन दिलं. मी त्या दिवशी लवकर घरी आलो.

इथवर आबा, तुम्ही हसला असाल. मीही हसून सोडलं असतं. पण तिसऱ्या दिवशीचं लिहिताना अजून हात थांबतो. (डावा. उजवा थांबलेलाच आहे.)

दुपारी एक जीप आली. धडगावच्या घाटात वळणावर जीपच्या टपावरून वीरसिंग नावाचा माणूस खाली दगडावर पडला होता. वरून खरचटलंसुद्धा नव्हतं, पण पोट टणक झालेलं आणि अंग गार. भाग्येशने तपासलं आणि सांगितलं की आत रक्तस्राव होतोय, लगेच ऑपरेशन करावं लागेल. माणसाला धड शुद्ध नव्हती, म्हणून संमतीचा कागद त्याच्या बायकोपुढे, फुलीबाईपुढे ठेवला. तिने अंगठा मुठीत घट्ट आवळून धरला. ती पावरी बोलत होती, सिस्टर मराठी बोलत होत्या, आणि मला वाटलं, झुलाल मास्तर, तुमची वेळ आली. मी उठलो, सफारीचा गळा नीट केला आणि वर्गात म्हणायचो तसं खड्या आवाजात म्हणालो, "बाई, तुमचे अधिकार ऐका!"

तिने फक्त "अधिकारी" ऐकलं. माझी सफारी खाकी. छातीवर बिल्ला. हातात कागद. असा माणूस त्यांच्या पाड्यावर आजवर कधी चांगली बातमी घेऊन आलेला नसावा. ती एका झटक्यात उठली, नवऱ्याच्या काखेत हात घातला आणि त्याला खाटेवरून ओढून दाराकडे निघाली. वॉचमन आडवा आला. आणि आबा, लाज वाटते, पण खरं तेच लिहितो. मी त्या वॉचमनला कलम सांगितलं, की रुग्णाला दवाखाना सोडून जायचा अधिकार आहे, त्याला अडवता येणार नाही. कलम बरोबर होतं.

ममता सिस्टर ओरडल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "सर, तो माणूस घाटापर्यंतसुद्धा पोचणार नाही."

मी छातीवरचा बिल्ला काढून खिशात टाकला. तेवढ्यात फरशी पुसणाऱ्या कमलबाईंनी पोछा बादलीत टाकला. त्या धडगावकडच्याच. दारात जाऊन त्या सरळ जमिनीवर बसल्या आणि पावरीत बोलू लागल्या. फुलीबाई थांबली. मग तीही बसली. काय बोलल्या ते कमलबाईंनी मला नंतर सांगितलं. त्या म्हणाल्या होत्या, "हा कोणी साहेब नाही, म्हातारा मास्तर आहे. तुझ्या माणसाच्या पोटात रक्त साठतंय. पोट उघडून ते बंद करतील. तुला काय विचारायचं ते विचार, मी डॉक्टरला सांगते. पटलं तरच अंगठा दे."

एवढंच. माझी सतरा कलमं कमलबाईंनी बसल्या बसल्या सांगून टाकली.

फुलीबाईने तीन गोष्टी विचारल्या. हातपाय कापणार का? उठल्यावर झाडावर चढता येईल का? आणि मला दाराशी बसू देतील का? भाग्येश पण खाली बसला आणि त्याने एकेक उत्तर दिलं. कापणार नाही. चढेल, पण होळीनंतर. आणि बस, तुझ्यासाठी खुर्ची आणतो. खुर्ची तिने नको म्हटली. अंगठा मात्र दिला. दोन तास ती दाराशी बसली, आणि समोरच्या भिंतीशी मी. ऑपरेशन झालं आणि वीरसिंग वाचला. त्यानंतर पाचव्या दिवशी त्याने भाकर मागितली तेव्हा ममता सिस्टर मलाही हसून चहा घ्या म्हणाल्या.

त्याच दिवशी मी ठरवलं, फलकावरची आपली मराठी पुसून टाकायची. स्टुलावर चढलो, फलकाला हात घातला, आणि फलक, रंगाचा डबा व मी एकदमच खाली आलो. मनगट मोडलं. (सोय एवढीच की तातडीच्या विभागात पोचायला वेळ लागला नाही.) भाग्येशने कागद आणला. हाड बसवायचं, प्लास्टर घालायचं, असं काहीसं तो सांगत होता. मी म्हटलं, "अरे, सांगत काय बसलास, सही कुठे करू ते दाखव!" आणि डाव्या हातात पेन घेतलं.

तर पडल्याचा आवाज ऐकून येऊन बाजूला बसलेल्या फुलीबाईने माझा हात धरला. तिने कमलबाईंना हाक मारली आणि काहीतरी विचारलं. कमलबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "सर, ती विचारी ऱ्हायनी, मास्तरनी काही विचारं का नही? का असाच अंगठा देस?"

सगळा विभाग माझ्याकडे बघत होता. मग मी विचारलं. किती दिवस? सहा आठवडे. दुखेल का? दुखेल. फुलीबाईने मान हलवली आणि मगच माझा हात सोडला. दुखलं, आबा. पण सांगून दुखलं, त्यात फरक असतो.

असो. भिकुबाईंना नमस्कार, मुलाबाळांना आशीर्वाद. गुडघ्याला एरंडाचं तेल लावत जावं.

आपला नम्र साडू,
झुलाल मास्तर

ता. क. १. एका धावत्या रुग्णाला सावरताना मी पडलो, असं दगुबाईला सांगितलेलं आहे. भिकुबाईंनी कृपया त्यात सुधारणा करू नये.

ता. क. २. मूळ मुद्दा राहिला. कमलबाईंना त्यांचं काम आहे, प्रत्येक वेळी त्यांना बादली सोडून बोलवणं बरं नाही. तुम्ही वीस वर्षं धडगावच्या घाटात एस.टी. चालवली, तुम्हाला पावरी येते. तुमची पावरी फक्त रस्त्यातल्या शेळ्यांना हाकलण्यापुरती आहे, असं मी लग्नाकार्यात चारचौघांत म्हणत आलो. ते सगळं परत घेतो. माझी खुर्ची रिकामी आहे.

ता. क. ३. तुमच्या नावाचा बिल्ला कालच तयार झाला. भाग्येशला मी सोमवार सांगितला आहे. नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. तो सोमवारी सकाळी दहा वाजता, खुर्चीवर बसल्यावर बजावावा.