हडळीला माझा गुडघा कसा ठाऊक?

नांदगाव खंडेश्वर,
१० ऑक्टोबर २०२५

चि. रागिणीस बाबांचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही ठीक आहोत. कापसाची पहिली वेचणी सुरू झाली. वेचणीआधीच्या पूजेचा, सीतादहीचा दहीभात घेऊन आई वावरात गेली, तेव्हा तुझ्या वाट्याचा घास तिने वेगळा काढून ठेवला. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. शिवाय एक गोष्ट विचारायची आहे.

गेल्या रविवारी आमच्या भजनी मंडळाची सहल गेली होती. मोझरीला समाधीचं दर्शन झालं आणि परतताना बायांनी हट्ट धरला की अमरावतीजवळचं ते नवं थीम पार्क पाहायचंच. तिथे सध्या 'शरद महोत्सव' चालू आहे. म्हटलं, ऑक्टोबरच्या उन्हात कसला आला महोत्सव? पण मला तू ओळखतेस. जिथे चाक फिरतं तिथे माझा पाय अडतो.

मोठ्या पाळण्यापाशी मी अर्धा तास उभा होतो. तो चालवणाऱ्या संघपाल नावाच्या माणसाला विचारलं, मोटर किती हॉर्सपॉवरची? लाईट गेली तर वरची माणसं उतरवता कशी? तो आधी हसला, मग मागे नेऊन जनरेटर दाखवला. पुढे कंदील बनवायचा मांडव, झेंडूचे हार ओवायचा मांडव, आणि त्यापुढे कहर म्हणजे 'कापूस वेचा'! थोडीशी पराटी लावली आहे आणि शहरातली माणसं तिकीट काढून कापूस वेचतात. एक बाई बोंडासकट ओरबाडत होती. मला राहवलं नाही. तिला पाच बोटांनी वेचायला शिकवलं, तर तिने माझ्यासोबत फोटो काढला. तुझी आई म्हणाली, "घरी वेचाले म्हटलं तं ह्यायची कंबर दुखते, अन् इथं मास्तर झाले!"

शेवटी भूतबंगला. आई अंधाराला भिते, ती बाहेर बसली. मी आणि गोवर्धनकाका आत गेलो. धूर कशाचा सोडतात ते मी वास घेऊन पाहिलं, पण कळलं नाही. तिसऱ्या वळणावर हडळ आली. पांढरं फटक तोंड, केस पुढे सोडलेले. किंकाळी अशी मारली की गोवर्धन चपला टाकून पळाला. मी मात्र केस खरे की खोटे ते पाहायला वाकलो आणि माझी पायरी चुकली. तेवढ्यात हडळीनं माझं कोपर धरलं आणि हळूच म्हणाली, "बाबा, पायरी हाय. डाव्या गुडघ्याले जपा."

म्हाताऱ्याला आपल्याकडे कोणीही बाबा म्हणतं. ते मी सोडून दिलं. पण हडळीला माझा गुडघा कसा ठाऊक? आणि तोही डावा? मी लंगडत नाही. बैलाची लाथ बसली तेव्हा तू दहावीत होतीस, महिनाभर तूच तो शेकून दिलास.

बाहेर येऊन मी पुन्हा तिकीट काढलं. आई म्हणाली, "आता पुन्हा काहून?" म्हटलं, एक गोष्ट पाहायची राहिली. तिसऱ्या वळणावर ती होतीच. पण या वेळी ओरडली नाही. भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि तिचे खांदे हलत होते. मी हाक मारणारच होतो. मागून पोरांचा घोळका आला, त्यात मी पुढे ढकलला गेलो.

बाहेर बाकावर बसलो तेव्हा दोन वर्षांपूर्वीची दिवाळी आठवली. तू म्हणालीस, नर्सिंगमध्ये मन लागत नाही, मला नाटकात काम करायचं आहे. आणि मी म्हणालो, "कोर्स सोडला तं मले तोंड दाखवू नको." त्यानंतर घरी न यायला कधी तुझी परीक्षा, कधी ड्यूटी. मी गावभर सांगत हिंडलो की पोरगी अकोल्यात शिकते. तू माझा शब्द तंतोतंत पाळलास, रागिणी. तोंडाला रंग फासून पाळलास.

आईला तीन दिवसांनी सांगितलं. वाटलं, रडेल. ती म्हणाली, "तुमीच केलं तिचं भूत." आणि त्या दिवशी जेवली नाही.

खोटं सांगितल्याचा राग आला, नाही म्हणत नाही. पण गोवर्धन अजून दिवसासुद्धा एकटा गोठ्यात जात नाही. एवढं चोख काम करणारी पोर वाया गेली असं कोण म्हणेल? चूक माझी झाली. बाकी मला पुष्कळ विचारायचं आहे. दिवसभर किंचाळून घसा बसत नाही का? केस कशाचे आहेत? तो रंग कशाने निघतो, खोबरेल तेलाने?

पाकिटावर अकोल्याचा पत्ता नाही, हे तू पाहिलंच असशील. पाकीट पोस्टातच घेतलं आणि पत्राआधी पत्ता घातला. पार्कच्या नावाखाली 'भूतबंगला, तिसरं वळण' असं वाचून पोस्टातले बुधाजी चष्म्यावरून माझ्याकडे पाहत राहिले. म्हटलं, "लेक हाय माही तिथं." मोठ्यानं म्हटलं, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू गेलं.

दिवाळीत तुम्हाला सुटी कुठली मिळणार? म्हणून पाडव्याला आम्हीच येतो. आई करंज्या आणणार आहे आणि आतही येते म्हणते. तू हवं तेवढं किंचाळ. फक्त तिसऱ्या वळणावर भिंतीकडे वळू नकोस.

तोंड दाखव वं, माय.

पायरी चुकलेले,
तुझे बाबा