मागची कमान

अप्पा, तुम्ही गेल्यावर तुमच्या खाटेखालचा तो पोलादी पाटा मी लोहाराकडे नेला आणि त्याची विळी करून घेतली. तुम्ही असताना त्याच लोहाराच्या बापानं तो कोयत्यासाठी मागितला होता आणि तुम्ही त्याला दारातूनच परत लावलं होतंत. मोटारीच्या कमानीचं, चाकांवरच्या स्प्रिंगचं, पोलाद धार धरतं हे साऱ्या अणदूरला ठाऊक आहे, आणि वस्तू नुसती पडून राहिलेली मला बघवत नाही. आज त्या विळीवर भोपळा चिरत बसले होते. हात मधेच थांबला, म्हणून हे लिहायला घेतलं.

छोट्या साहेबांनी, म्हणजे जागीरदारांच्या धाकट्या भावानं, हैदराबादेहून ती गाडी आणली तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि गावात दुसरी मोटार नव्हती. लांब नाकाची, उघडी, एके काळी शर्यतीत पळालेली, मागं जेमतेम दोन माणसं बसतील एवढी बैठक. इंजिनात जोर होता, पण मागचं अंग म्हातारं झालेलं. नळदुर्गच्या वळणांवर ती मागून डोलायची. "पीछे से नाचती ये, मिस्त्री. कसके बांधो इसकू," एवढंच साहेब म्हणाले आणि तुम्ही तहानभूक विसरलात. मी तुमची भाकरी घेऊन मोटारखान्यात येते. मागची चाकं उतरवलेली आहेत, गाडीचं धड ओंडक्यांवर टेकवलेलं आहे, आणि तुम्ही कमानीचे पाटे धाकट्यापासून थोरल्यापर्यंत जमिनीवर मांडून त्यांच्यासमोर बसला आहात. दबलेल्या पाट्यांना तुम्ही ठोकून ठोकून पुन्हा बाक आणलात. मोडीतल्या लॉरीचे जाड पाटे कापून त्यांत घातलेत, पट्टे नवे केलेत, आणि कमानीची उसळी आवरणाऱ्या चकत्यांचे नट पार शेवटापर्यंत आवळलेत. मग गाडीच्या मागच्या टोकावर चढून तुम्ही उड्या मारल्यात. गाडी हलली नाही. तुम्हाला इतकं खूश मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि नंतर तर नाहीच.

साहेबांनी नळदुर्गपर्यंत पळवून आणली आणि तुमची पाठ थोपटली. त्यांना विचारून त्या संध्याकाळी तुम्ही आईला, माझ्या अव्वाला, मागं बसवलंत आणि वेशीपर्यंत फिरवून आणलंत. उतरताना तिनं कंबर धरली आणि हसत हसत म्हणाली, उखळात घालून कांडलंत की मला. शेजारच्या बायका हसल्या. तुम्ही हसला नाहीत आणि जेवलाही नाहीत. तुमचा रुसवा म्हणजे घरात आलेला सोयरा, लवकर उठून जायचं नाव नाही. आमटीला मीठ कमी पडलं तरी तुम्ही ब्र काढायचा नाहीत, पण कामाला कुणी नावं ठेवली की संपलं. अव्वानं ते ओळखलं. पुन्हा तिनं त्या गाडीला कधी नावं ठेवली नाहीत. तिला तेव्हा दिवस गेले होते, हे आम्हाला पुढं कळलं.

खंडेनवमीला सकाळीच तिला कळा सुरू झाल्या. तुमची हत्यारं पूजेला मांडलेली होती, पान्यांना हळदकुंकू, हातोडीवर झेंडूचं फूल. सुईण बाहेर आली आणि म्हणाली, मूल आडवं आहे, हे माझ्या हातचं काम नाही, सोलापूरला न्या. बैलगाडीनं दिवस गेला असता, वर हद्दीवरच्या करोडगिरीच्या नाक्यावर जकातीसाठी अडवलं असतं ते वेगळंच. साहेबांची मोटार कुणी अडवत नव्हतं. साहेबांनी मागितल्याबरोबर दिली. तुम्ही ती दारात आणलीत, मागं जाऊन खाली वाकलात आणि कमानीवर हात ठेवून तसेच राहिलात. मग घरात येऊन पूजेतला पाना उचललात. चकत्यांचे नट ढिले करायला फार वेळ लागत नाही, हे मला मोटारखान्यात बसून बसून कळायला लागलं होतं. तेवढ्यानं गाडी थोडी तरी मऊ झाली असती. अव्वा उंबऱ्यात होती, दोघीजणींच्या खांद्यांवर.

"पूजेतलं हत्यार उचलू नका," ती म्हणाली. "लेकराला बाधंल. हाय तशी चालवा."

तुम्ही पाना जागेवर ठेवलात आणि त्याला हात जोडलेत. मी हे कितीदा आठवलं असेल, अप्पा, आणि दर वेळी मला वाटतं की या खेपेला तुम्ही तो ठेवणार नाही.

पावसानं रस्त्याचं पार वाटोळं केलं होतं. पुढं बसून तुम्हाला निम्मंच कळत होतं. आम्ही दोघी बरोबर मागच्या आखावर होतो, आणि प्रत्येक खड्डा खालून सरळ वर येत होता, मधे कुणी झेलणारं नव्हतं. अव्वाचा एक हात गळ्यातल्या इष्टलिंगावर होता, दुसऱ्या हातात माझं मनगट. धक्का बसला की ती मनगट आवळायची. तुम्ही मान न वळवता विचारलंत, लागतंय का. ती म्हणाली, "न्हाय. लई मऊ चाललीय. चालू द्या." आणि तुम्ही विश्वास ठेवलात. तुमच्या पाठीकडे बघूनच मला कळलं, खांदे सैल झाले तुमचे. तुम्ही गाडी आणखी पळवलीत. नाक्यावरच्या शिपायानं लांबूनच आडवा बांबू वर केला. नाका ओलांडला तेव्हा बैठक ओली झालेली होती.

दिवेलागणीपर्यंत अव्वाही नव्हती आणि मूलही नव्हतं. धक्क्यांनी झालं का, असं तुम्ही डॉक्टरांना विचारलंत. ते म्हणाले, सांगता येत नाही. त्या उत्तराचा राग मला अजून येतो. त्यांनी हो म्हटलं असतं तर तुम्ही एकदाचे रडला असता.

तिला मातीत ठेवून आल्यावर तुम्ही मोटारखान्यात गेलात आणि साहेबांना न विचारता ते लॉरीचे पाटे काढायला बसलात. मी भाकरी घेऊन आले. तुम्ही वर न बघता विचारलंत, अव्वाला धक्के बसले का गं. मी म्हणाले, न्हाय अप्पा, मऊ होती. तुमचा हात थांबला.

"कमान माझ्या हातची हाय, बाई," तुम्ही म्हणालात.

एवढंच. तुम्ही भाकरी खाल्लीत, मी भांडी घेऊन घरी आले, आणि त्यावर आपण पुन्हा कधी बोललो नाही. पुढं राज्य गेलं, जागीर गेली, साहेब हैदराबादेला निघून गेले. गाडी लिंबाखाली गंजत राहिली, कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. काढलेल्या पाट्यांतला एक तेवढा तुम्ही खाटेखाली ठेवलात. तुम्ही लॉऱ्यांची इंजिनं दुरुस्त करत म्हातारे झालात, पण कमानीचं काम आलं की त्या माणसाला दुसरीकडे पाठवायचात. तुम्हाला माहीत होतं की मी खोटं बोलले, मला माहीत होतं की तुम्हाला माहीत आहे, आणि तरी एका ताटाशी बसून आपण वर्षानुवर्षं जेवलो. त्या घरात सुख असं नव्हतंच, अप्पा. मी ते शोधायचंही सोडून दिलं होतं.

खरं काय ते तुम्हाला सांगावं म्हणून बसले होते. पण तुम्ही जिथं असाल तिथं अव्वा असेल, आणि ती काय सांगत असेल ते मला ठाऊक आहे. तिला खोटं पाडणारी मी कोण? हा कागद पिठाच्या डब्याखाली राहू दे.

परवा तुमची नात विळीला हात लावून विचारत होती, आजोबांनी केलेली ती गाडी कशी होती गं. मी भोपळा चिरतच म्हणाले, लई मऊ.