उंच गाडी, बुटका ओटा

३ ऑगस्ट, रविवार
शोरूममधून फोन. दसऱ्याला घेतलेल्या माझ्या गाडीचं नवं मॉडेल आलंय. पाच दरवाजे, गिअर टाकायची कटकट नाही, मागे कॅमेरा. "मॅडम, तुमची गाडी नवीकोरीच आहे अजून. आत्ता एक्स्चेंजला दिलीत तर चांगली किंमत येईल. गणपतीला नवी दारात." नवीकोरी! दहा महिन्यांत पन्हाळ्यामागच्या सगळ्या वाड्यावस्त्यांचा चिखल खाल्लाय तिने. मागच्या सीटवर गमबूट, कॅल्शियमच्या बाटल्या, शेणाचा वास. बघते म्हणून फोन ठेवला.

म. लगेच खूश. (नवऱ्याचं नाव आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, कधी घेत नसत. मी दिवसातून पन्नास वेळा घेते, पण वहीत म. पुरतो.)

मामा पेपर वाचत बसलेले. सासऱ्यांना अलीकडे कमी ऐकू येतं असं सगळे म्हणतात. पंधरा मिनिटं पान उलटलं नाही त्यांनी.

५ ऑगस्ट, मंगळवार
म. भूगोल शिकवतो, त्यामुळे त्याला कशाचाही तक्ता लागतो. जेवताना वही पुढे केली. तीन रकाने. एक, आहे ती ठेवायची. दोन, पाच दरवाजांची घ्यायची. तीन, ही देऊन साधी बुटकी गाडी घ्यायची, म्हणजे मामांना तुझ्याबरोबर बसता येईल.

मी म्हटलं, बुटकी गाडी पावसाळ्यात वस्तीवर जाणार कशी? दोन वर्षांपूर्वी जुनी गाडी ओढ्यात अडकली आणि अडलेली म्हैस माझी वाट बघत मेली. त्यासाठी तर ही फोर बाय फोर घेतली. म. म्हणाला, "मग दोन नंबर." मामा म्हणाले, "आमटीत मीठ कमी हाय." मीठ बरोबर होतं.

८ ऑगस्ट, शुक्रवार
दिवसभर पाऊस. दवाखान्यात तीन कुत्री आणि एक शेळी. वारणानगरच्या रस्त्याला एवढी जनावरं, पण पावसात माझ्याकडे शहरी कुत्रीच येतात.

रिकाम्या वेळात तेच आठवत बसले. लिहूनच टाकते, वही कोण बघतंय.

मामा गावच्या दूध संस्थेचे तीस वर्षं सेक्रेटरी. आत्ती गेल्यावर मंगळवार पेठेत आमच्याकडे आले आणि नुसते बसून कंटाळले. ही गाडी आली तसे माझ्याबरोबर व्हिजिटला येऊ लागले. मी गोठ्यात, हे बाहेर मालकाशी दुधाच्या फॅटवर गप्पा. रस्ते त्यांना पाठ, माणसं पाठ. "ही म्हैस हिच्या आईसारखीच अडणार," असं आधी सांगायचे आणि ती अडायची.

मे महिन्यात अक्काताईच्या वस्तीवर गाय आडवी झालेली. रोज मी वळसा घालून त्यांच्या बाजूला जायची, हात द्यायची, मग ते उतरायचे. त्या दिवशी मी पेटी घेऊन सरळ पळाले. त्यांनी हाक मारली. मी मागे न बघता म्हटलं, "उतरा की मामा, मी पुढं होते." पायदानावरून पाय निसटला. खुबा मोडला. ऑपरेशन.

घरी त्यांनी सांगितलं, माझीच घाई. म.ला अजून तेवढंच माहीत आहे. मी गप्प राहिले, आणि आता तीन महिने झाले.

१० ऑगस्ट, रविवार
म. आणि मी शोरूमला. नवी गाडी दिसायला झक्कास, खोटं कशाला बोलू. म. मागच्या सीटवर बसून छताकडे बघत होता, लहान पोरासारखा.

मी दार उघडून पुढच्या सीटशेजारी उभी राहिले. आमच्या गाडीची सीट माझ्या कमरेच्या हाडाला लागते. हिची दोन बोटं वर! म.ला दाखवलं. तो म्हणाला, "पायदान बसवून देतात की." पायदान त्या दिवशीही होतंच.

मग आमच्या गाडीची तपासणी. पांढऱ्याशुभ्र शर्टातले एक गृहस्थ आत बसले, सगळी बटणं दाबली, ब्लोअर पूर्ण सोडला. फस्सकन गुलाल. छातीभर, चष्म्यावर, मिशीत. आम्ही सांगायला विसरलो. गाडी घेतली तेव्हा पूजेला जोतिबाला नेली होती, एसी चालूच राहिला होता, आणि मामांनी "चांगभलं" म्हणत भरल्या मुठीने गुलाल सरळ समोरच्या जाळीत मारला. तेव्हापासून ब्लोअर जोरात सोडला की थोडा थोडा येतो. दोनदा साफ करून घेतला. जात नाही.

गृहस्थ रुमालाने तोंड पुसत म्हणाले, "हे सगळं उघडून काढावं लागणार, मॅडम." किंमत तिथेच उतरली. परत येईपर्यंत हसत होतो दोघं.

घरी मामांना सांगितलं. ते हसले नाहीत. "उघडून काढणार व्हय," एवढंच.

१३ ऑगस्ट, बुधवार
मामांची हाडाच्या डॉक्टरांकडे फेरी. काठी घेऊन चाला, पायऱ्या हळूहळू करा, उंच चढउतार जपून. बाहेर आल्यावर मामांनी विचारलं, "जपून म्हणजे करायचं का न्हाय करायचं?" मी म्हटलं जपून. "तसं नीट सांगायला काय झालतं त्याला."

रिक्षात म्हणाले, "गाडी माझ्यासाठी बदलू नका. मी काय मोडीत निघालोय काय?" मी म्हटलं, तुमच्यासाठी नाही, आम्हालाच हौस. खोटं बोलता येत नाही मला.

खरं तर मला ती गाडीच नको झालीय. ते पायदान दिसायला नको म्हणून मी दारही दुसऱ्या बाजूने उघडते. हे म.च्या तक्त्यात कुठल्या रकान्यात घालायचं?

१६ ऑगस्ट, शनिवार
शोरूमला विचारलं, शेवटचं कधीपर्यंत सांगायचं? पुढच्या शनिवारी दुपारपर्यंत. नाहीतर गणपतीला मिळणार नाही. मामांच्या दोन जोड चपला दारात. बाहेर जायची जोड धुळीने पांढरी झालीय. पुसून ठेवली.

१७ ऑगस्ट, रविवार
आजचा दिवस नीट लिहायला हवा.

गावी दूध संस्थेची वार्षिक सभा. म.ने मामांना त्याच्या जुन्या छोट्या गाडीतून सोडलं आणि तसाच तो कॉलेजच्या कसल्याशा कामाला सांगलीला गेला. मी शेजारच्या गावात व्हिजिटला होते. परत नेण्यासाठी रिक्षा सांगून ठेवलेली, ती आलीच नाही. मी पोचले तर सभा संपलेली, मामा एकटे डेअरीच्या दारात, डोक्यावर टोपी, हातात काठी आणि सभेचं लाडूचं पाकीट.

मी म्हटलं, दुसरी रिक्षा बघते.

"रिक्षा कशाला? गाडी ओट्याला लाव."

"कुठल्या ओट्याला?"

डेअरीला दोन ओटे. टेम्पोत कॅन चढवायचा उंच, आणि त्याच्या कडेला जेमतेम दीड फुटाचा एक बुटका. आजपर्यंत मी त्याला पायरीच समजत होते. मामा म्हणाले, "हा मी बांधून घेतलेला. बायका डोक्यावरनं कॅन आणायच्या, जमिनीवर टेकवून परत उचलायच्या. कंबर जायची. म्हटलं ह्यावर टेकवा, हितनं वर सरकवा. चेअरमन म्हणाला, बिनकामाचा खर्च. मी म्हटलं, तू एक दिवस उचल मग."

गाडी लावली. दार ओट्यावरून दोन बोटं सुटलं. मामा काठी टेकत ओट्यावर चढले, वळले, सीटवर बसले आणि पाय आत घेतले. जिन्याची एक पायरी चढावी एवढंच. मला रडू आलं. ते म्हणाले, "तीस वरसं कॅन चढवलं. आज माझी पाळी. चल."

वाटेत मामांनी ब्लोअर सोडायला लावला. गुलाल आला थोडा. हात पुढे करून तळव्यावर घेतला आणि कपाळाला लावला. घरासमोर कट्टा आहेच, तोही तेवढाच बुटका, अकरा वर्षं राहतेय आणि कधी लक्षात आलं नाही. गाडी कट्ट्याला चिकटवली तर गल्ली बंद. मागे दोन स्कूटर आणि एक भाजीचा गाडा. "व्हय व्हय, उतरतोय की! पावणं, जरा दम धरा!" मामांचा आवाज तीन महिन्यांनी गल्लीला ऐकू आला.

१९ ऑगस्ट, मंगळवार
म.ला सगळं सांगितलं. ओट्याचं, आणि मग न थांबता मे महिन्याचंही. त्यांनी हाक मारली होती, मी थांबले नाही. म. म्हणाला, "तीन महिने एकटीच घेऊन बसलीस होय?" चिडेल असं वाटलं होतं. चिडला असता तर सोपं गेलं असतं.

तरी त्याचं म्हणणं तेच. "अगं, सगळीकडे ओटा कुठून येणार? वस्तीवर काय करणार? परत पडले तर?" बरोबरच आहे. मलाही तीच भीती आहे. त्याने तक्ता काढला, चौथा रकाना आखला आणि त्याला नाव सुचेना, तेव्हा वही मिटली.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
सकाळपासून मामा दोनदा कट्ट्यावर जाऊन उभे राहिले. "ऊन घेतोय." ऊन कुठे आहे?

उद्या दुपारपर्यंत शोरूमला सांगायचं. म. म्हणाला, "तुझी गाडी, तू ठरव. मला काहीही चालेल." आजवर नवऱ्याने असं म्हटलं की मला बरं वाटायचं. आज नाही वाटलं.

२३ ऑगस्ट, शनिवार
हे वस्तीवर, गाडीपाशी बसून लिहितेय. वही पेटीत असतेच.

सात वाजता अक्काताईचा फोन. तीच गाय. तिला मेमध्ये उभं केलं होतं, आता व्यायला बसलीय आणि वासराचा एकच पाय बाहेर. मी पेटी घेऊन दार उघडलं तर मामा कट्ट्यावर, टोपी घातलेली, पायात पुसलेल्या चपला. "गाडी सरळ कर. तिरकी लागलीय."

मी म्हटलं, तिथे ओटा नाही.

"ठावं हाय की. गाडीतच बसतो मी. गप्पा तर हुतील."

म. दारात उभा होता. माझ्याकडे बघितलं, मामांकडे बघितलं, आणि मागचा भाजीवाला थांबवायला गेला.

ओढ्याला पाणी होतं. गाडी त्यातून पाण्याला सरावलेल्या म्हशीसारखी निवांत गेली. मामांनी दार घट्ट धरलेलं. वस्तीवर थांबल्यावर मी वळसा घालून त्यांच्या बाजूला गेले आणि म्हटलं, मामा, मी येईपर्यंत उतरायचं नाही. ते म्हणाले, "तू गाय बघ."

वासराचा दुसरा पाय गुडघ्यात मुडपलेला. पाऊण तास गेला. सुटलं. कालवड. अक्काताईने आधी कालवडीला पुसलं, मग मला टॉवेल दिला.

बाहेर आले तर सीट रिकामी. दार सताड उघडं.

काय झालं मला ते लिहिता येत नाही. ओरडले बहुतेक. आणि मामा समोर, आंब्याखालच्या दगडावर, हातात चहाचा कप. काठी मांडीवर आडवी. चपला कोरड्या. दाराखाली जळणाचा एक जाड ओंडका, त्यावर पेंडीचं पोतं चपटं करून घातलेलं. अक्काताई म्हणाली, तिने आणला नाही. तिची सून हसू दाबत म्हणाली, तिनेही नाही.

"कसे उतरलात?"

"उतरलो."

"मामा, पडला असता तर?"

"पडलो असतो." चहाचा घोट घेतला. मग कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "वैशाली, त्या दिवशीबी मीच उतरलोतो. तू ढकललं न्हाईस. मला ते तुझं गप बसणं बघवंना झालंय. आता पुरं."

तिथेच चिखलात बसले मी आणि रडले. अक्काताईला वाटलं, कालवडीला काही झालं.

आता वार, म्हणजे गर्भाचं वेष्टण, पडायची वाट बघतोय, ती पडल्याशिवाय गाईला सोडून जाता येत नाही. अजून तासभर तरी. मामा अक्काताईला दुधाच्या फॅटबद्दल काहीतरी पटवून देतायत. तिला पटत नाहीय.

मघाशी विचारलं, मामा, आता वर कसं चढायचं? ओंडका उतरायला ठीक, चढायला डुगडुगतो. म्हणाले, "चहा संपू दे की आधी."

फोन वाजतोय. शोरूमचा आहे. पाठीमागे मामा म्हणतायत, "घे की, कोन हाय बघ." मी पायदानावर बसलेय, मेनंतर पहिल्यांदाच.