दोन्ही मांजरी एकाच घरात राहाव्यात म्हणून

मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा, शिक्षण सातवीपर्यंत, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे असे लिहीत आहे. शेजारची शिंपीण समोर बसली आहे, पण ती फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघते. माझे डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला मागे टाचला आहे. घरातल्या दोन मांजरींपैकी कोणती कोण हे मला हल्ली सांगता येत नाही, हे खरे आहे. पण त्या सख्ख्या बहिणी, एकाच दिवशी जन्मलेल्या, दोघी राखाडी, दोघींच्या छातीवर पांढरा ठिपका, आणि माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. तेव्हा हा दोष डोळ्याचा धरावा, डोक्याचा नव्हे. हे मी विशेषतः जावयासाठी लिहितो.

याआधी मी दोन मृत्युपत्रे लिहिली. दोन्ही रद्द. दोन्हींत चुका होत्या, त्या पुढे येतील.

कलम पहिले. माझे दोन खोल्यांचे घर, स्वयंपाकघरासह, माझ्या एकुलत्या एका मुलीला. आधीच्या कागदात मी लिहिले होते की दोन्ही मांजरी मरेपर्यंत सांभाळल्या तरच. मुलीला फोनवर वाचून दाखवले. ती म्हणाली, "बाबा, मी तुमची मुलगी आहे की भाडेकरू?" त्या दिवशी मला जेवण गेले नाही. अट काढली आहे. घर तिचेच, बिनशर्त.

पण मांजरींचा प्रश्न जागच्या जागी राहिला. दोघी चौदा वर्षांच्या आहेत. या वयाच्या मांजरी कोणी हौसेने घेत नाही. मी गेल्यावर त्या जिन्यात बसलेल्या मला डोळ्यांसमोर दिसतात. मुलगी म्हणाली की एक घेते, दोन जमणार नाहीत, जावई शिंकतो. (एका मांजरीला तो अर्धाच शिंकणार आहे का, हे मी विचारले नाही.) माझ्या धाकट्या भावाने शिंपिणीच्या हाती निरोप धाडला की एक तो नेईल. भावाशी मी बावीस वर्षे बोललो नव्हतो. पण दोघींपैकी एक आजारी, तिला रोज गोळ्या लागतात, आणि भावजय दवाखान्यात नर्स होती, गोळ्या देणे तिच्या हातचा मळ. म्हणून मी दुसऱ्या कागदात वाटणी केली: निरोगी मांजर मुलीला, कारण ती दिवसभर कामावर, आजारी मांजर भावाला.

कागदावर ते झकास दिसले. पण वाटणी करायला आधी माल ओळखता यावा लागतो.

कलम दुसरे, म्हणजे खरे तर कलम नाही, खुलासा आहे. माझ्या घरी पितळी पारड्यांचा काटा आहे. दर रविवारी सकाळी, खाणे देण्याआधी, मी दोघींचे वजन करून वहीत लिहितो. म्हाताऱ्या मांजरीचे दुखणे तोंडावर दिसत नाही, केसांखाली ती वाळत जाते आणि आपण म्हणतो वय झाले. काटा मात्र भीड धरत नाही. आमच्यात रीत अशी होती की थोरली पारड्यात पहिली येऊन बसायची, धाकटी मागाहून. दहा-बारा वर्षे यात फरक पडला नाही. म्हणून मी तोंड न बघता लिहीत गेलो. पहिली आली ती थोरली, दुसरी आली ती धाकटी.

गेल्या वर्षी मांजरींच्या डॉक्टरीण बाईंना वही दाखवली. मला वाटले शाबासकी मिळेल. त्यांनी पाने उलटली, परत उलटली, आणि विचारले, "आजोबा, ही थोरली एका रविवारी पाव किलो उतरते आणि पुढच्या रविवारी पाव किलो चढते. खाते काय ही?"

तेव्हा उलगडा झाला. म्हणजे गोंधळ सुरू झाला. त्या कधीपासून आलटून पालटून येत होत्या देव जाणे. एक वाळत होती, दुसरी होती तशी होती, आणि माझ्या वहीत सरासरीने दोघी ठणठणीत. रक्त तपासले. वाळत होती तिला थायरॉइड निघाले. या दुखण्यात मांजर खा खा खाते आणि खंगते. मी तिची भूक बघून खूश होतो, म्हणून दोन घास जास्त घालत होतो.

डॉक्टरीण बाईंनी आजारी मांजरीच्या गळ्यात लाल पट्टा घातला. गोळी सकाळ-संध्याकाळ, लाल पट्ट्याला. तीन महिन्यांत गोळ्यांनी गुण आला, वजन भरले, दोघी पुन्हा सारख्या झाल्या. मग एका सकाळी पट्टा पाण्याच्या भांड्यामागे पडलेला सापडला आणि दोन्ही गळे मोकळे. मी दोघींना समोर बसवून पाऊण तास पाहिले. त्यांनीही मला पाहिले. शेवटी जी आजारी वाटली तिला गोळी दिली. चार दिवसांनी ती ओकू लागली, कोपऱ्यातून हलेना. मी चांगल्या मांजरीला आजारी पाडत होतो आणि आजारी मांजर बिनऔषधाची फिरत होती. वजनमापात हयात गेलेल्या माणसाकडून हे झाले. याबद्दल मला कोणी बोलले नाही, पण मी लिहून ठेवतो.

आता पुन्हा रक्त तपासून, आजारी मांजरीच्या मागच्या उजव्या पायावरचे केस रुपयाएवढे कातरले आहेत. यापुढे या कागदात तिला "कातरलेली" म्हटले आहे आणि दुसरीला "न कातरलेली". कातरलेली ही थोरली की धाकटी, हे मला ठाऊक नाही, आणि कोणी विचारूही नये. केस वाढतात, म्हणून दर पंधरा दिवसांनी त्याच जागी पुन्हा कातरावेत. विसरू नये. मागचा उजवा. मांजरीचा उजवा, आपला नव्हे.

कलम तिसरे, भावाविषयी. आमचे दुकान भागीत होते. त्याने एका दुकानदाराच्या काट्याला, माल ठेवायच्या पारड्याखाली, शिसे चिकटवून दिले होते. मला कळले त्या दिवशी मी त्याची हत्यारे रस्त्यावर फेकली. याचा मला पश्चात्ताप नाही. थोडा आहे, छोटा चिमटा गटारात गेला होता आणि तो आमच्या वडिलांचा होता.

गेल्या मंगळवारी तो मांजर बघायला आला. बावीस वर्षांत त्याचे केस गेले आणि पोट आले. चहा घेतला, माझी परवानगी न विचारता वही घेतली, वाचली. मला वाटले आता हसेल. हसला नाही.

"दादा," तो म्हणाला, "माझा काटा खोटा होता. तुझा काटा खरा, पण वही खोटी. मांजरीला काय फरक पडला?"

मी त्याला म्हणालो की मी जाणूनबुजून केले नाही. तो म्हणाला, ते मला माहीत आहे, म्हणून तर आलो. मग त्या दोघी खिडकीखालच्या एकाच गोधडीवर, एकीचे डोके दुसरीच्या पोटावर, अशा निजलेल्या होत्या तिकडे त्याने बोट केले. "तुला ओळखता येत नाहीत आणि त्या एकमेकींना सोडत नाहीत. मग तोडतोस कशाला? दोन्ही माझ्याकडे दे. माझं घर तळमजल्यावर आहे, त्यांना जिने नकोत."

शिंपिणीचे मत असे की हे त्याला पहिल्यापासूनच म्हणायचे होते, एक मांजर हा नुसता बहाणा होता. असेल. माझा पूर्ण विश्वास बसलेला नाही. तरी लिहितो.

कलम चौथे. माझ्यामागे दोन्ही मांजरी माझ्या धाकट्या भावाकडे व भावजयीकडे जातील, एकाच दिवशी, एकाच टोपलीत, खिडकीखालच्या त्या गोधडीसह. गोधडी धुऊ नये. नव्या घरात त्यांना त्यांचा वास लागेल.

कातरलेलीला गोळी दोन वेळा, भावजयीनेच द्यावी. भाऊ घाईचा आहे. पाण्याची भांडी तीन, खाण्यापासून लांब, वेगवेगळ्या जागी. मातीचा ट्रे कमी काठाचा. न कातरलेलीचे गुडघे धरतात, उंच काठ असला तर ती बाहेरच करते आणि मग लोक तिला वाईट चालीची म्हणतात. खिडकीपाशी पाट ठेवावा, दोन टप्प्यांत चढता येईल असा. नखे दर महिन्याला बघावीत. म्हाताऱ्या मांजरीची नखे झिजत नाहीत, वळून तळव्यात रुततात. पाठीचे केस तिला स्वतःला चाटता येत नाहीत, तिथे मऊ ब्रश. उडी मारेनाशी झाली, लपून बसू लागली, तर "वय झाले" म्हणू नये, दवाखान्यात न्यावे. नाहीतरी सहा महिन्यांनी न्यायचेच. दोरीचा खेळ रोज थोडा, त्या मागे धावल्या नाहीत तरी. नुसते बघणे हाही त्यांचा खेळ आहे.

इथे शिंपिणीने विचारले की काका, हे मृत्युपत्र आहे की मांजरींचे वेळापत्रक. मी तिला ऱ्हस्व-दीर्घ बघायला सांगितले.

कलम पाचवे. बँकेत असेल त्यातून आधी मांजरींचे औषध, उरेल ते मुलीचे. हत्यारे सगळी भावाला. काटा मात्र भावाला नाही. काटा आणि पितळी वजने मुलीला. तिने महिन्यातून एका रविवारी काटा घेऊन काकाकडे जावे. काकाने मांजर धरावी, हिने वजन वाचावे व लिहावे, तोंड आणि पाय बघून. धरणाऱ्याने वाचू नये आणि वाचणाऱ्याने धरू नये. दोघांपैकी एकट्याने हे काम केल्यास ती नोंद रद्द समजावी. यात माझा कोणावरही संशय आहे असे नाही. माझ्यावर आहे, पण मी तेव्हा नसणार.

कलम सहावे व शेवटचे. आमच्या घरी थोरली माझी आणि धाकटी माझ्या पत्नीची, अशी बोली होती. ती गेली त्या दुपारी तिने मला एवढेच सांगितले, "माझी नीट बघा हं." मी हो म्हणालो. आता तिची कोणती हे मला कळत नाही. ती एका नजरेत सांगायची, कसे ते कधी विचारले नाही. पुष्कळ विचार केला. एक मार्ग दिसतो तो कायद्यात बसतो का माहीत नाही: थोरलीवरचा माझा हक्क मी आज, राजीखुशीने, सोडत आहे. माझ्या मालकीची एकही मांजर नाही. दोन्ही तिच्याच. मी फक्त बघत होतो.

हे सर्व मोठ्याने वाचून, दोन ठिकाणी खोडून, सही केली.

ठिकाण: माझे घर, स्वयंपाकघरातले टेबल.
वेळ: रविवार, महिन्याची अकरा तारीख, सकाळचे दहा.

(सही) काटेवाले

साक्षीदार पहिली: शेजारची शिंपीण. माझ्यासमोर वाचले व सही केली. ऱ्हस्व-दीर्घ मी पाहिले.

साक्षीदार दुसरी: मांजरींच्या डॉक्टरीण बाई. आजोबा शुद्धीवर आहेत. दोन्ही मांजरी हजर होत्या.